पाटीवरचा पासवर्ड

३ फेब्रुवारी, सोमवार

मी नाही केलं!

इथे तरी एकदा धड लिहून ठेवते, कारण घरात कुणी ऐकूनच घेत नाहीये. ताईच्या मेलवरून त्या हॉस्पिटलला जे गेलं ते मी पाठवलेलं नाही. मी बरंच काय काय केलंय आयुष्यात. हे नाही.

झालं असं. ताईला नोकरी लागलीय — लांब, मोठ्या शहरात, डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात. एक मार्चला हजर व्हायचं. लागलीय म्हणजे लागली होती. आज सकाळी ताई मेल उघडून बघते तर तिथल्या मॅडमचं उत्तर — कळवल्याबद्दल आभार, वाईट वाटलं, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. काय कळवलं? कुणी? ताईने पाठवलेले मेल चाळले. शनिवारी दुपारी गेलाय. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. 'मॅडम, माझे येणे जमणार नाही.' इथवर ठीक. पुढचं ताईने मोठ्याने वाचलं — "गरकी अडकन आहे."

कुणालाच कळेना. मग आई म्हणाली, घरची अडचण असेल गं ते. म्हणजे जिथे जिथे एच हवा तिथे तिथे एच गायब!

"स्पेलिंग बघा," ताई म्हणाली. "गाढवाचं." आणि वळून माझ्याकडे बघितलं. आईनेही बघितलं. बाबा चष्म्याची एक काच उजेडाकडे धरून पुसत होते, पुसतच राहिले.

बारावीला दोनदा गचकलेली घरात मी एकटीच. लागला निकाल!

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई बोलत नाही. पाणी दे असंसुद्धा आईमार्फत. "आई, हिला सांग सरक."

मान्य आहे, माझा पूर्वेतिहास चांगला नाही. ताईच्या नावाने मीच एकदा टाकलं होतं — 'माझ्या घोरण्याबद्दल शेजाऱ्यांची क्षमा मागते.' शेजारच्या काकूंनी खाली 'आता बरंय का?' विचारलं होतं. बाबांच्या फोनला बकरीचा आवाज लावला, तो बरोबर दोन मिनिटं शांत उभं राहायच्या कार्यक्रमात वाजला. आणि आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्याखाली अगदी बारीक ओळ चिकटवली — 'हे वाचता येत असेल तर चष्मा कशाला घेताय?' एका आजोबांनी ती वाचली आणि खरंच उठून गेले.

पण त्यात कुणाचं काही बुडालं नाही ना! (आजोबांचं गिऱ्हाईक बुडालं. ते सोडा.)

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालंय. फक्त मी संन्यासी नाही, हीच पंचाईत.

५ फेब्रुवारी, बुधवार

आई ताईला सारखी म्हणतेय, अगं त्या मॅडमना फोन कर, चूक झाली सांग. ताई म्हणते आता कुठल्या तोंडाने करू? घरात वेडी बहीण आहे म्हणून सांगू?

बाबा काही बोलत नाहीत. तशी त्यांची अवस्था मला कळते. दुकानात आतल्या खोलीत डोळे तपासते ताई. बाबा मशीनवर काचा घासतात, चौकटीत बसवतात. मी काउंटरवर — चौकटी दाखवायच्या, आरसा धरायचा, 'तुम्हाला हीच शोभते' म्हणायचं. ताई गेली तर आतली खोली बंद. मग लोक डोळे दुसरीकडे तपासणार आणि चष्माही तिकडेच करणार. तरी महिनाभर बाबाच येईल त्याला सांगत होते — थोरली चालली आमची! मोठं हॉस्पिटल! आनंदाने सांगत होते. आता कुणी विचारलं की म्हणतात, "बघू." आणि मशीन सुरू करतात.

बसवत नाही दुकानात. आरसा पुसला. पुन्हा पुसला. त्यात तोंड चोरासारखंच दिसतं आता माझं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ढब्बूकडे गेले. ढब्बू म्हणजे माझ्याबरोबर पहिल्यांदा बारावीला नापास झालेला, पण दुसऱ्यांदा मला दगा देऊन पास झालेला मित्र. आता कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला म्हटलं, मला चोर शोधून दे. तो म्हणाला, "ताईचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

मी म्हटलं, घरात सगळ्यांचा एकच आहे. मेलला, लाइटबिलाला, बँकेला, आईच्या शिवणाच्या ग्रुपला — सगळीकडे तोच.

"कुठला?"

"दुकानाचा फोन नंबर."

ढब्बू उठला, खिडकीशी गेला. त्याच्या खिडकीतून आमचं दुकान दिसतं. दुकानावर पाटी. पाटीवर लाल रंगात, माणसाच्या हाताएवढे आकडे.

"पासवर्ड पाटीवर रंगवलाय तुम्ही," म्हणाला. "वर ट्यूबलाइट लावलीय, अंधारात चोराची गैरसोय नको म्हणून."

पाटीसुद्धा कशाला, म्हणे. त्याने तपासणीच्या कुठल्याशा साईटवर ताईच्या मेलचा पत्ता टाकून बघितला, तर ज्या बुटांच्या साईटवरून तिने कधीतरी सँडल मागवली होती त्या साईटचे सगळे पासवर्ड केव्हाच चोरीला गेलेत. एका ठिकाणचा फुटला की चोर तोच सगळीकडे लावून बघतात. एकच किल्ली सगळ्या दारांना — चोराला आणखी वेगळं आमंत्रण कशाला?

मी उडालेच! म्हणजे बाहेरचा चोर असू शकतो! मी सुटले!

घरी येऊन सांगितलं. ताई म्हणाली, "हो ना. परदेशातला चोर. त्याला मराठी येतं. आणि त्याला आपल्या घरच्या अडचणीची काळजी."

पुन्हा ढब्बूकडे.

८ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं. या घराला कुलूप मीच लावणार. माझ्यावर विश्वास नाही ना? मग असं करते की इथून पुढे मला कुणाच्या काही आत शिरताच येणार नाही. मग झालं काही तर बघू कुणाकडे बघतात!

ढब्बू म्हणतो पासवर्ड मॅनेजर घ्या. म्हणजे एक तिजोरी. प्रत्येक ठिकाणाला ती वेगळा पासवर्ड स्वतःच बनवते — लांबलचक, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा. तो आपण पाठ करायचा नाही, बघायचासुद्धा नाही. वेळेला तीच भरते. खोट्या साईटवर नेलं तर भरतच नाही, कारण तिला पत्ता ओळखता येतो. आपण लक्षात ठेवायचा फक्त एक, तिजोरीचा. तो मात्र कुणाला सांगायचा नाही. आणि विसरलात तर कंपनीलाही उघडता येत नाही. गेलं ते गेलं.

आई म्हणाली, म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत, ती पडली की सगळीच फुटली. मी म्हटलं आई, आत्तापर्यंत टोपलीच नव्हती, अंडी रस्त्यावर होती.

बाबा म्हणाले, "ए उपद्व्याप, हे तुझ्याच डोक्यातलं ना? मग मला भीती वाटते."

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर तेच.

तिजोरीच्या पासवर्डसाठी ढब्बूचा नियम — चार शब्द, एकमेकांशी काही संबंध नसलेले, जोडून लिहायचे. कुणी कुणाला सांगायचे नाहीत. मी प्रत्येकाला कॉम्प्युटरपुढे बसवायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. शाळेत उभी राहायचे तशी. सवय आहे.

ताईचं पाच मिनिटांत झालं. एक शब्द न बोलता. उठली आणि गेली.

आईने फार विचार करून ठेवला. चहा ठेवेपर्यंत विसरली. "इतका गुप्त ठेवला की मलाच सांगितला नाही," म्हणाली. सगळं पुन्हा.

बाबा एका बोटाने टाइप करतात. कोंबडी दाणे टिपते तसं. एक टिपला — विचार — एक टिपला. माझे पाय दुखले भिंतीकडे बघून.

सगळ्यांच्या मेलला दुहेरी कडी पण लावली. पासवर्ड टाकला तरी ज्याच्या त्याच्या फोनवर आकडे येणार, ते घातल्याशिवाय आत प्रवेश नाही. आता या घरात कुणी कुणाच्या नावाने एक अक्षर पाठवू शकत नाही.

करून झाल्यावर गंमतच गेली. आता मी कुणाला छळू?

११ फेब्रुवारी, मंगळवार

ताईने अजून फोन केलेला नाही. मॅडमनी दुसरं कुणी घेतलं तर? मी तिच्या आसपास घिरट्या घालते. ती पेशंटला विचारते, "आता स्पष्ट दिसतं? की आता?" आणि मला काही विचारतच नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सावकाश लिहिते.

आज दुपारी बाबांना काचांच्या घाऊकवाल्याचं बिल बघायचं होतं. हात काच घासण्याच्या पाण्याने पांढरे झालेले. म्हणाले, तूच उघड. मी म्हटलं मला तुमचा पासवर्ड सांगायचा नाही, नियम आहे. म्हणाले, "अगं माझ्याकडे आहे काय चोरण्यासारखं? घाल. चहा, चिमटा, काच, कपाट. जोडून."

(चार शब्द एकमेकांशी संबंध नसलेले! काउंटरवर मान फिरवली आणि दिसेल ते घातलं.)

घातलं. चूक. पुन्हा घातलं. चूक. 'च' ला सी-एच, नीट. पुन्हा चूक! मला घाम फुटला. म्हटलं बाबा, विसरलात तर कंपनीपण उघडत नाही. एकेक अक्षर सांगा.

बाबा म्हणाले, "सी. ए. एच. ए. सी. आय. एम—"

मी म्हटलं, थांबा. चिमट्याचा एच कुठाय?

"तिथे कशाला एच?" म्हणाले. "चहात बोलतो, म्हणून तिथे ठेवला. चिमट्यात मुका बसून असतो. फुकटचा पगार का द्यायचा त्याला?" आणि हसले. माझा विनोदी स्वभाव त्यांच्याकडूनच आलाय असं आई म्हणते.

तसंच घातलं. तिजोरी उघडली.

स्क्रीनवर बिल. मी बिलाकडे बघतेय आणि मला दिसतंय फक्त एकच. गरकी अडकन. गरकी अडकन. त्या शनिवारी मी जेवायला घरी गेले होते. ताई बँकेत. दुकानात बाबा एकटे. आणि पासवर्ड तेव्हा त्यांच्याच डोक्यावर, पाटीवर.

"काय गं? किती आलंय?" बाबा विचारत होते.

काहीतरी आकडा सांगितला. चुकीचा सांगितला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आपलेच दात, आपलेच ओठ.

१५ फेब्रुवारी, शनिवार

इकडून तिकडे फिरते. काउंटरवरच्या चौकटी काढल्या, रंगाप्रमाणे लावल्या. मग पुन्हा किमतीप्रमाणे लावल्या. एका बाईला आरसा उलटा धरला.

रागच येत नाही, हे विचित्र आहे. यायला पाहिजे. त्यांच्यासमोर ताई मला गाढव म्हणाली आणि ते काच पुसत राहिले! मी भिंतीकडे तोंड करून उभी होते तेव्हा मागे बसून टिपत होते एकेक अक्षर. पण ते बोट आठवलं की राग येतो तसा जातो. ते अख्खं 'येणे जमणार नाही' लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल! मधे थांबता आलं असतं. थांबले नाहीत.

कुंपणच शेत खातं तेव्हा शेताने ओरडायचं कुणाकडे?

१७ फेब्रुवारी, सोमवार

विचारलं.

दुकानात कुणी नव्हतं. ताई आत पेशंटबरोबर, दार लावलेलं. मी म्हटलं, बाबा, 'अडचण' कसं लिहिता हो इंग्रजीत?

त्यांनी मशीन बंद केलं. बाबा काच अर्धी टाकून मशीन कधी बंद करत नाहीत. काच वाया जाते.

मग म्हणाले की दहा जणांना 'जाऊ दे पोरीला' म्हणून सांगून झालं होतं, आता 'नको' म्हणायला तोंड उरलं नव्हतं. त्या दुपारी आतली खोली रिकामी दिसली आणि बोटं चालली. पाठवल्यावर परत कसं घ्यायचं ते कळेना. तुला विचारणार होतो, म्हणाले! मला!

"आणि ताई मला बोलली तेव्हा?" मी विचारलं.

"तुला काय गं," बाबा म्हणाले. "तू सगळं हसण्यावारी नेतेस."

मला पहिल्यांदाच हसू आलं नाही. त्यांना ते दिसलं असावं. हात पुसले, माझ्या डोक्यावर ठेवायला गेले, मग तसेच मागे घेतले.

"तिला सांगू नकोस," म्हणाले. "मी सांगीन."

१९ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं नाही. ताई समोर आली की मशीन सुरू करतात. एक अख्खी काच नुसती घासून घासून संपवली.

एक मार्च डोक्यावर आलाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

केलं! मीच केलं!

मागच्या कोठीत, रिकाम्या खोक्यांमागे बसून हॉस्पिटलला फोन लावला. तीन ठिकाणी फिरवलं आणि मग मॅडम. आवाज असा की आपोआप उभी राहिले, खोकी पडली. म्हटलं, मॅडम, मी तिची धाकटी बहीण. तो मेल मी पाठवला होता. गंमत म्हणून. तिला काही माहीत नव्हतं. मला काय शिक्षा करायची ती करा, पण तिची जागा ठेवा.

आयुष्यात पहिल्यांदा कबुली दिली, तीही न केलेल्या गुन्ह्याची!

मॅडम म्हणाल्या, "तक्त्याखाली ओळ चिकटवणारी तूच का?"

ताईने मुलाखतीत सांगितलं होतं! म्हणजे ताई माझ्याबद्दल बोलते लोकांशी!

मग त्यांनी मला जे झाडलं ते झाडलं. कुणाच्या पोटावर पाय येतो अशी गंमत असते का, वगैरे. मी हो मॅडम, हो मॅडम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते कळलं. पण शेवटी म्हणाल्या की जागा अजून भरलेली नाही, एक तारखेला सकाळी हजर हो म्हणावं. आणि येताना तुला बरोबर आणू नको म्हणावं.

बाहेर आले ती नाचतच. घरी सगळे जेवायला बसले तेव्हा सांगितलं. आईने आधी मला एक धपाटा घातला, मग जवळ घेतलं, मग पुन्हा घातला. बाबा माझ्याकडे बघत होते. असं कधी बघितलं नव्हतं त्यांनी माझ्याकडे. घास तसाच हातात.

ताई पांढरीफटक पडली. एवढा आनंद झाला तिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा दुकानात म्हणाले, तू कशाला अंगावर घेतलंस? मी म्हटलं, शिव्यांचं जुनं गिऱ्हाईक आहे मी, त्यात काय. मग विचारलं, आता सांगणार का तिला खरं? म्हणाले, आता कशाला, जाऊ दे ना सुखाने. तूही बोलू नकोस. आणि मग म्हणाले, आतल्या खोलीतला दिवा रोज लावत जाऊ थोडा वेळ. यंत्रं दमट होतात.

पुन्हा तेच, पायाला भिंगरी. सगळं बरोबर झालंय ना? मग मला बसवत का नाही?

२२ फेब्रुवारी, शनिवार

ताई सामान काढतेय. काढते, घडी घालते, पुन्हा कपाटात ठेवते. मी म्हटलं, बॅगेत ठेव ना. म्हणाली, हो, बॅगेतच.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज बॅग भरायला बसले तिच्याबरोबर. दार लावून घेतलं तिने. म्हणाली, "तो मेल बाबांचा होता. त्याच दिवशी ओळखला मी. त्यांनी लिहिलेल्या काचांच्या ऑर्डरी इतकी वर्षं कोण वाचतं?"

मग माझ्यावर का—

"मला जायचं नव्हतं गं. महिनाभर सगळ्यांचे पेढे गिळून बसले होते, सांगू कुणाला? बाबांनी परस्पर नाही म्हटलं आणि मी सुटले. कुणावर तरी ढकलायला हवं होतं. तू होतीस." मग माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबांना कळू देऊ नकोस."

बाहेर बाबा तिच्या बॅगेसाठी कुलूप शोधतायत. खणांचे आवाज येतायत.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे दोघांनाही जन्मापासून माहीत आहे. आणि दोघांनी मलाच सांगितलं, कुणाला सांगू नकोस म्हणून.

उठते. आधी दार उघडते.